गाडी रुतली तर सामान हाताशी पाहिजे, आणि घट्ट बांधलेलंही

प्रश्न : दादा नमस्कार, मी मंगळवेढा तालुक्यातला. आमची डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप आहे, रान सगळं काळं, पाऊस पडला की गाडी हमखास रुतते, म्हणून हाय लिफ्ट जॅक (भोकाभोकाच्या उंच दांड्यावर चढणारा), ओढायचा नायलॉनचा ताणणारा दोर, दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या), फावडं आणि चाकाखाली टाकायच्या प्लास्टिकच्या फळ्या घेतल्यात. पण हौद्यात हे नुसतं खडखड करतं, कांदा भरला की सगळं खाली गाडलं जातं, आणि चोरीच्या भीतीनं जॅक मी मागच्या सीटपाशी पायात टाकतो. कायमची सोय कशी करू?

उत्तर : भाऊ, बाकी सगळं नंतर, आज संध्याकाळी आधी तो जॅक केबिनमधून बाहेर काढा. 48 इंची हाय लिफ्ट जॅक साधारण 13 किलोचा ओतीव लोखंडाचा असतो, तुम्ही सोलापूर रोडला 60 च्या स्पीडनं चाललाय आणि समोर काही आदळलं तर गाडी थांबते पण जॅक थांबत नाही, तो त्याच 60 च्या स्पीडनं पुढच्या माणसाच्या पाठीत येतो. मागं पोरं बसत असतील तर विचारच नको. शॅकलचंही तेच, डॅशबोर्डवर किंवा दरवाज्याच्या खणात लोखंडी शॅकल ठेवायचा नाही म्हणजे नाही.

हौद्यात जॅकची जागा केबिनमागच्या जाळीला आडवी. चार फुटांचा जॅक तिथं आरामात बसतो, आणि ब्रेक मारल्यावर सामान पुढं सरकतं त्यामुळं पुढं जाळी असली की अर्धं काम तिनंच केलं. फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचे दोन ब्रॅकेट करून घ्या, जॅकच्या दांड्याच्या भोकातून बोल्ट काढा आणि एका बोल्टला कुलूप बसेल अशी पट्टी ठेवा, चोरीची भीती तिथंच मिटली. हँडल खालीवर होत वाजतं ते रबरानं दांड्याला धरून ठेवा. जॅकच्या चालणाऱ्या भागावर, म्हणजे पिन आणि स्प्रिंग आहेत तिथं, रेक्झिनचं कव्हर पाहिजेच, कारण आपली धूळ आणि वाळलेला चिखल तिथं बसला की पिन अडकते, आणि वजनाखाली जॅकची पिन अडकणं फार वाईट, हँडल उलटं येऊन जबडा फोडतं.

आता बांधायचं कुठं. बहुतेक लोक बाहेरच्या हुकाला दोर मारतात, ताडपत्रीला ते ठीक आहे पण जड सामानाला नाही, दोर काठावरून जातो आणि खालचं सामान सरकायचं ते सरकतंच. हौद्याच्या आत तळाला चार डी-रिंग, म्हणजे पट्टा अडकवायच्या डी आकाराच्या लोखंडी कड्या, बसवा. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून चालणार नाही, आरपार बोल्ट आणि खालून तळहाताएवढी जाड प्लेट, नाहीतर झटका बसला की रिंग पत्रा फाडून बाहेर येते. ड्रिल मारायच्या आधी एकानं खाली वाकून बघायचं, डिझेल टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठून गेलंय ते, आणि भोकाला लगेच प्रायमर लावायचा. हिशोब असा धरा की पुढच्या बाजूला सामानाच्या पूर्ण वजनाएवढा जोर आणि बाजूला अन् मागं अर्ध्या वजनाएवढा जोर पट्ट्यानं झेलला पाहिजे, हा साध्या ब्रेकचा आणि वळणाचा हिशोब झाला, धडकेत जोर याच्या कितीतरी पट. म्हणून रॅचेट पट्टा घ्या, म्हणजे खटक्याच्या बक्कलनं करकचून आवळता येतो तो, इलॅस्टिकचा बंजी दोर नको, बंजी सामान धरत नाही, फक्त ताणून ठेवतो. आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर एकदा उतरून रॅचेट परत आवळा, कच्च्या रस्त्यावर सगळं खाली बसतं आणि पट्टा सैल होतो.

कांद्याचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलाय आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी रुतल्यावर पहिलं लागतं फावडं, मग फळ्या, दोर आणि जॅक नंतर. मार्केट यार्डाला निघालेली भरलेली गाडी बांधावर बसली तर पन्नास गोण्या उतरवून फावडं काढणार का? आणि मागचा फाळका खाली पडणारा असतो, मागची चाकं बुडाली आणि पाठीमागं चिखलाचा ढीग असला तर तो उघडतच नाही, मग फाळक्याजवळ ठेवलेलं सामान असून नसल्यासारखं. म्हणून फावडं आणि फळ्या हौद्याच्या ड्रायव्हरकडच्या भिंतीला आतून उभ्या, वरच्या काठापासून हात घालून निघतील अशा. पट्ट्याचं बक्कलही वरच पाहिजे. फळ्यांना उन्हाचं कव्हर घाला, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, प्लास्टिक ठिसूळ व्हायला वेळ लागत नाही.

दोर पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. ऊन नायलॉनचा शत्रू, पण ओला दोर बंद पेटीत ठेवला की कुजका वास मारतो आणि बाजूचे शॅकल गंजतात. भाजीचा भोकं असलेला क्रेट घ्या, त्यात दोर गुंडाळून, वरून जाड कापड, आणि क्रेट डी-रिंगला बांधलेला. चिखल लागला की साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा, काळ्या मातीचे बारीक कण आत राहिले की ताणताना धागे कापतात. त्याच हौद्यातून खताची पोती, औषधाचे कॅन, कधी बॅटरी आणता ना? तेव्हा दोर काढून घरी ठेवा, सांडलेलं खत लोखंड खातं आणि बॅटरीचं ॲसिड नायलॉन खातं. खडखड थांबवायला बाजारातलं महाग फोम नको, घरातली जुनी सोलापुरी चादर कापून गुंडाळा, आणि एक अख्खी चादर क्रेटमध्ये असू द्या, ओढताना ती भिजवून ताणलेल्या दोराच्या मध्यावर टाकायची, दोर तुटला तर त्याचा फटका थोडा तरी मरतो. लोकांना मात्र दोराच्या दीडपट अंतरावर लांबच उभं करायचं.

प्रश्न : जॅक आणि फावडं हौद्याच्या बाहेरून, साइडला लावलं तर? रुबाब पण येतो. (बार्शी)

उत्तर : नको. बॉडीच्या बाहेर काहीही आलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 (1ए) खाली 20,000 रुपये दंड आहे, आणि गर्दीच्या रस्त्यात दुचाकीवाल्याच्या गुडघ्याला फावड्याचं पातं लागलं तर दंड परवडला असं वाटेल.

प्रश्न : बंपरला शॅकल कायम लावून ठेवले तर चालतील का, आणि दोराऐवजी ट्रॅक्टरची साखळी? (माढा)

उत्तर : कायम लावलेल्या शॅकलची पिन खडबडीत रस्त्यानं हळूहळू फिरून सैल होते, चोरही सोडत नाही, त्यापेक्षा कापडी पिशवीत घालून क्रेटमध्ये ठेवा. वापरताना पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं घ्यायची, नाहीतर जोर आल्यावर निघत नाही. शॅकलवर टनाचा आकडा उठवलेला असेल तरच घ्या, 3.25 किंवा 4.75 टन, आकडा नसलेला लोखंडी तुकडा नको. साखळी सावकाश, झटका न देता ओढायला ठीक, पण ताणणाऱ्या दोरासारखा पळत जाऊन झटका तिला द्यायचा नाही, ती ताणतच नाही, तुटते. आणि दोर किंवा साखळी टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, कधीच अडकवायची नाही, तो गोळा तुटून गोळीसारखा येतो. गाडीच्या चासीला बसवलेला ओढायचा हूक बघून ठेवा, मागं-पुढं दोन्हीकडं कुठं आहे ते, आणि तिथपर्यंत हात पोचतो का ते चिखल नसतानाच तपासा.