बेंबीशी दुखत होतं, मग अपेंडिक्स उजवीकडे कसं?

ताई, भाच्याचं ऑपरेशन वेळेत झालं, सुटलात. तुमचा प्रश्न असा की रात्री पोरगं बेंबीवर हात धरून कळवळत होतं आणि सकाळी उजव्या बाजूला खाली दाखवू लागलं, तर दुखणं सरकलं कसं? सासूबाई म्हणतात तशी बेंबी सरकली होती का? मिरजेत २१ वर्षं थिएटर सिस्टर होते, तेवढ्यावर सांगते.

सरकत काहीच नाही. बातमी नेणारी नस बदलते.

आतड्याला कापलेलं, भाजलेलं कळत नाही. पोटावर काढून ठेवलेलं आतडं वॉर्डमध्येच, भूल न देता, कॉटरीनं, म्हणजे भाजून कापणाऱ्या यंत्रानं, उघडताना मी पाहिलंय. पेशंट गप्पा मारत होता. पण तेच आतडं फुगून ताणलं की जीव नकोसा होतो. अपेंडिक्सचं तोंड तुंबलं की ते असंच फुगतं. त्याच्या नसा मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या पातळीला शिरतात, आणि बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसाही तिथंच येतात. मेंदूला कातडीची बातमी रोजची, आतड्याची कधीतरी. मग तो सगळी कळ बेंबीच्या खात्यावर मांडतो.

काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. या अस्तराला पोटाच्या भिंतीच्याच नसा आहेत, त्या नेमकी जागा सांगतात. उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे साधारण एक तृतीयांश अंतरावर ती जागा येते. अमेरिकन सर्जन मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती लिहून ठेवली, म्हणून त्यांचंच नाव पडलं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागं दडलेलं असेल तर मात्र दुखणं कुशीत किंवा पाठीकडे जातं, आणि भलेभले फसतात.

पित्ताशयाचंही असंच. त्याची सूज वरच्या, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागली की उजवा खांदा दुखतो, कारण त्या पडद्याची नस मानेतून येते. लोक खांद्याला बाम चोळत बसतात!

भडंगावर आळ घेऊ नका, बिचाऱ्याचा संबंध नाही. बेंबीला हिंग लावलात, हरकत नाही. पण पोट चोळून घेणं आणि एरंडेल पाजणं, या दोन्हीनं सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. सासूबाईंना हे जरा गोडीनं सांगा. आणि पुन्हा घरात कुणाचं असं दुखलं आणि मध्येच एकदम थांबलं, तर बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. फुटल्यावरही थोडा वेळ तसंच वाटतं.