वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत घर बदललं, पत्ता कुणाकुणाला कळवायचा?

मुलांकडे जाऊन राहणारे आईवडील, एच-वन या नोकरीच्या व्हिसावरची जोडपी आणि शिकायला गेलेली मुलं, तिघांच्याही पत्रांत या वेळी एकच विषय आहे. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

आम्ही दोघं पर्यटक व्हिसावर आधी तीन महिने मुलीकडे न्यू जर्सीत आणि नंतर अडीच महिने मुलाकडे टेक्सासला राहणार आहोत. पत्ता बदलल्याचं सरकारला कळवावं लागतं का? विमानतळावर तर कुणीच काही सांगितलं नाही. (नाशिक)

कळवावं लागतं. अमेरिकेत ३० दिवस किंवा त्याहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसानं राहायचं ठिकाण बदललं, की १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला, म्हणजे तिथल्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याला, कळवायचं असतं. सूट आहे ती मुख्यतः राजनैतिक व्हिसावाल्यांना. पर्यटक व्हिसावरच्या आईवडिलांना नाही. हा नियम १९४० च्या कायद्यातून आलेला आहे. १९८१ पर्यंत तर पत्ता बदलो न बदलो, दर जानेवारीत तो कळवावाच लागे. आता बदलला तरच कळवायचा.

फॉर्मचं नाव एआर-११. फी नाही. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून तो भरता येतो, किंवा कागदी फॉर्म भरून त्याच्यावर छापलेल्या पत्त्यावर टपालानं पाठवता येतो. माणशी एक फॉर्म लागतो. नवऱ्याच्या फॉर्मात बायकोचं नाव घालून चालत नाही. ऑनलाइन भरणार असाल तर दोघांचे ई-मेल वेगळे ठेवा.

आपल्याकडच्या लोकांची गफलत होते ती नावात. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं, मधलं नाव असा रकानाच नसतो. फॉर्मवर मात्र मधल्या नावाचा रकाना असतो आणि मुलं उत्साहानं नाव तोडून तिथे घालतात. तसं करू नका. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर जसं नाव आहे तसंच लिहा. आय-९४ सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून फुकट काढता येतो. उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात तो छापून घ्या. परत जायची शेवटची तारीख त्याच्यावरच असते, व्हिसाच्या दहा वर्षांशी तिचा संबंध नाही. शिवाय परदेशी माणूस म्हणून सरकारकडे झालेल्या नोंदणीचा पुरावा म्हणून १८ वर्षांवरच्या माणसानं तो सतत जवळ बाळगायचा असतो.

‘ए-नंबर’, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, याचा रकाना पाहून घाबरू नका. पर्यटकाला सहसा तो नसतो, रिकामा सोडा. व्हिसावरचा लाल आकडा तिथे भरू नका. पत्त्यात अपार्टमेंटचा क्रमांक त्याच्या वेगळ्या रकान्यातच लिहा. राहण्याचा पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स चालत नाही.

नायगारा बघायला चार दिवस गेलात, लग्नाला आठवडाभर भाच्याकडे थांबलात, तर आमच्या मते त्याला पत्ता बदलणं म्हणता येत नाही. पण बॅगा उचलून मुलाकडे राहायला गेलात की पोचल्यापासून दहा दिवस मोजा. ऑनलाइन भरल्यावर येणारी पोच जतन करा. कागदी फॉर्म पाठवलात तर त्याची प्रत ठेवा आणि पोचपावती मिळेल असं टपाल वापरा. उद्या कुणी विचारलं तर हाताशी तेवढाच पुरावा असतो.

मुलगा एच-वनवर आणि सून एच-फोर या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर आहे. घर बदलल्यावर त्यांनी पोस्टात, बँकेत आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ता बदलून घेतला. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे. एवढं पुरे ना? (ठाणे)

नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पत्ता एका ठिकाणी सांगितला म्हणजे सगळीकडे पोचला, असं अमेरिकेत होत नाही. पोस्टात पत्ता बदलला तरी यूएससीआयएसची पत्रं सहसा नव्या घरी वळवली जात नाहीत, ती पाठवणाऱ्याकडे परत जातात. मग बोटांच्या ठशांची तारीख कळवणारं पत्र जुन्या घरातून परत जातं, तारीख चुकते आणि अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. जादा कागदपत्रं मागणाऱ्या पत्राचंही तसंच. मुदतीत उत्तर गेलं नाही की अर्ज फेटाळला जातो.

म्हणून ऑनलाइन पत्ता बदलताना चालू असलेल्या प्रत्येक अर्जाचा पावती क्रमांक टाका. तो तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा असतो. मुलाचा वेगळा, सुनेचा वेगळा, कामाच्या परवान्याचा आणखी वेगळा. एखादा राहिला तर त्या अर्जाची पत्रं जुन्याच घरी जात राहतील. आठवड्याभरानं खात्यात डोकावून प्रत्येक अर्जावर नवा पत्ता दिसतो का ते तपासा. वकील असेल तर त्यांनाही लेखी कळवा.

आणि टपालपेटीवर नावाची पट्टी लावा. घर मित्राच्या किंवा दिराच्या नावावर असेल, पेटीवर त्याचंच नाव असेल, तर पोस्टमन तुमचं कार्ड परत नेऊ शकतो. अशा वेळी फॉर्ममधल्या ‘केअर ऑफ’ रकान्यात पेटीवर नाव असलेल्याचं नाव भरा.

मुलगा घरून काम करतो का, हेही पाहा. एच-वनमध्ये कामाचं ठिकाण कंपनीनं सरकारला कळवलेलं असतं, आणि घरून काम म्हणजे घर हेच ते ठिकाण. त्याच महानगर क्षेत्रात घर बदललं तर नवा अर्ज लागत नाही, पण कामगार खात्याच्या मंजुरीची सूचना नव्या घरी लावावी लागते. क्षेत्राबाहेर गेला तर कंपनीनं आधी सुधारित अर्ज दाखल करायला हवा, मग तिथून काम सुरू करायचं. २०१५ पासून याबाबत संदिग्धता उरलेली नाही. तेव्हा भाडेकरार करायच्या आधी एचआरशी बोलायला सांगा.

मुलगी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकते. तिला एआर-११ लागतो का? (कोल्हापूर)

तिनं १० दिवसांत कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवलं की तिची जबाबदारी पूर्ण होते. ते कार्यालय सेव्हिस या सरकारी नोंदीत पत्ता बदलतं, त्यासाठी त्यांना २१ दिवस असतात. शिक्षण संपून ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी, सुरू झाली की तिला विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर स्वतःही बदलता येतो. फक्त ओपीटीचा अर्ज पडून असताना घर बदललं तर त्या अर्जावरचा पत्ता यूएससीआयएसकडे वेगळा बदलावा लागतो. मे महिन्यात वसतिगृह सुटतं आणि कामाच्या परवान्याचं कार्ड जुन्या खोलीच्या पत्त्यावर जातं. दरवर्षी मुलं यात अडकतात.

घर बदलून आठ महिने झाले, कळवायचं राहून गेलं. आता कळवलं तर उलट अडकू का? जुनी तारीख घालावी का? (पुणे)

आजच कळवा, आणि तारीख खरीच घाला. न कळवणं हा कायद्यानं गुन्हा आहे: ५,००० डॉलरपर्यंत दंड, ३० दिवसांपर्यंत कैद, आणि देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. पण त्याच कायद्यात हेही आहे की चूक जाणूनबुजून केलेली नसेल किंवा तिला सबळ कारण असेल, तर त्यासाठी बाहेर काढता येत नाही. उशिरा पण स्वतःहून कळवलेला माणूस हे म्हणू शकतो. खोटी तारीख घालणाऱ्याला ते म्हणता येणार नाही. मधल्या काळात दोन घरं बदलली असतील किंवा कोर्टाची नोटीस आली असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. इमिग्रेशन कोर्टात प्रकरण असणाऱ्यांनी कोर्टालाही वेगळ्या फॉर्मवर कामाच्या ५ दिवसांत पत्ता कळवायचा असतो.

एच-फोरवरची नात पुढच्या महिन्यात १४ वर्षांची होते. तिच्यासाठी काही करावं लागतं असं ऐकलं. (नागपूर)

बरोबर ऐकलंत. तिचा आय-९४ असला तरी, अमेरिकेत असताना १४ पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत तिची पुन्हा नोंदणी करायची असते. तिच्या नावानं यूएससीआयएसचं खातं उघडून जी-३२५आर हा फॉर्म भरायचा, मग बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. ग्रीन कार्ड असलेल्या मुलांसाठी फॉर्म वेगळा, आय-९०. १४ पूर्ण होईपर्यंत तिचा पत्ता बदलला तर कळवायची जबाबदारी आईवडिलांची, आणि तिचाही एआर-११ वेगळा.

मुलगा अमेरिकन नागरिक आहे, त्यानं आमचं ग्रीन कार्ड केलं. तो घर बदलतोय. नागरिकाला तर हे नियम नाहीत ना? (सांगली)

एआर-११ नाही. पण तुमच्यासाठी त्यानं आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र, आय-८६४, सही केलं आहे. त्यामुळे त्यानं ३० दिवसांत आय-८६५ या फॉर्मवर नवा पत्ता कळवायला हवा. चुकलं तर २५० ते २,००० डॉलर दंडाची तरतूद आहे. तुम्ही दोघं नागरिक होईपर्यंत किंवा तिथे ४० तिमाहींचं काम भरेपर्यंत ती हमी साधारणपणे टिकते. तुम्ही त्याच्याबरोबरच नव्या घरी जात असाल, तर तुमचे दोन एआर-११ दहा दिवसांत आणि त्याचा आय-८६५ तीस दिवसांत.