देशाच्या तिजोरीत खरंच पैसे असतात का?

तुम्ही विचारलंय, "तिजोरीत खडखडाट आहे असं मंत्री सांगतात, पण नोटा तर रिझर्व्ह बँकच छापते, मग अडतं कुठे?"

मी तालुक्याच्या उपकोषागारात, म्हणजे सरकारी बिलं तपासून मंजूर करणाऱ्या कार्यालयात, नोकरी केली. आमच्या स्ट्राँगरूममध्ये दुहेरी कुलपाआड मुद्रांक असत, नोटांच्या थप्प्या नव्हेत. नातेवाइकांना हे कधीच पटलं नाही.

केंद्राचंही तसंच. करांचा आणि कर्जाचा पैसा 'भारताच्या एकत्रित निधी'त जमा होतो. निधी म्हणजे काही खोली नव्हे, ती हिशेबातली नोंद. रोकड असते रिझर्व्ह बँकेतल्या सरकारी खात्यात. निधीतून पैसा काढायचा तर संसदेने विनियोजन कायदा, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारा कायदा, करावा लागतो, हे घटनेचं कलम ११४. अचानक खर्च उद्भवला तर आकस्मिकता निधी आहे, २०२१ साली तो ५०० कोटींवरून ३०,००० कोटींवर नेला.

खरी कसरत तारखांची. पगार, पेन्शन दर महिन्याला, कंपन्यांचा आगाऊ कर मात्र तीन-तीन महिन्यांनी. मधली खिंड ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, विकून लढवतात. पूर्वी याहून सोपं होतं: सरकारने तदर्थ, म्हणजे गरजेपुरतं, ट्रेझरी बिल द्यायचं, रिझर्व्ह बँकेने नवा पैसा काढून द्यायचा. म्हणजे तुम्ही म्हणता तेच! महागाईला तेवढीच मोकळी वाट. १ एप्रिल १९९७ पासून ते बंद झालं. आता मिळते ती ठरलेल्या मर्यादेतली, व्याजाची, तीन महिन्यांत फेडायची उचल. मर्यादा ओलांडली तरी ओव्हरड्राफ्ट सलग दहा कामकाजाच्या दिवसांपलीकडे नाही.

म्हणून तिजोरी सांभाळणं म्हणजे बरंचसं 'नाही' म्हणणं. एका मार्च एंडला रात्री साडेदहाला एका कार्यालयाचा कारकून धापा टाकत आला. शाळेच्या बाकांचं बिल, मंजुरी होती, खाली सही-शिक्काही. पण लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कशावर ते सांगणारा हिशेबाचा क्रमांक, २२०२ ऐवजी २२०५, म्हणजे शिक्षणाऐवजी कला व संस्कृती. दुरुस्तीवर सही लागणार त्याच्या साहेबाची, आणि साहेब गावाला. बिचारा बाकावर बसून फोन लावत राहिला. मी चहा मागवला, बिलावर आक्षेप लिहिला. बाराला वर्ष संपलं आणि तो निधी व्यपगत झाला, म्हणजे न वापरताच हातचा गेला.