भूक, तहान आणि मेंदूचा कौल

प्रश्न : एखाद्या प्राण्याला भूक आणि तहान सारख्याच तीव्रतेने लागली आणि अन्न व पाणी दोन्ही समोर असले, तर आधी कशाकडे वळायचे हे त्याचा मेंदू कसे ठरवतो? जी गरज मोठी ती जिंकते, एवढेच उत्तर पुरेसे आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : हा पेच फार जुना आहे. जितका भुकेला तितकाच तहानलेला आणि अन्नपाण्यापासून सारख्याच अंतरावर उभा असलेला माणूस जागचा हलणारच नाही, असा युक्तिवाद ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे. प्रत्यक्षात कोणताही प्राणी असा खोळंबून राहत नाही. असे का, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील कार्ल डायसरॉथ यांच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून बरेचसे उलगडते. भुकेल्या आणि तहानलेल्या उंदरांसमोर दोन नळ्या होत्या. एकीतून अन्न मिळे, दुसरीतून पाणी. ठरावीक वास आला की उंदराने कोणती तरी एक नळी चाटायची. उंदीर आळीपाळीने दोन्हींकडे गेले नाहीत. ते बराच वेळ एकाच नळीला धरून राहत आणि मग अचानक दुसरीकडे वळत. त्याच वेळी मेंदूच्या अनेक भागांतील चेतापेशींचे संदेश टिपले असता असे आढळले की, वास येण्यापूर्वी मेंदूची जी अवस्था असे, तिच्यावरूनच उंदीर कोणती नळी निवडणार याचा अंदाज बांधता येत होता. म्हणजे निवडीची वेळ येते तेव्हा कौल एका बाजूला झुकलेला असतो, आणि तो कधी पालटेल यात योगायोगाचाही वाटा असतो. प्रस्तुत लेखकाला यातील चिकाटी विशेष वाटते, कारण दर घासाला आणि दर घोटाला दोन्ही गरजा तोलून पाहणाऱ्या प्राण्याचा निम्मा वेळ येरझाऱ्यांतच जाईल.

शिवाय गरज मोजणाऱ्या पेशी नुसते मोजमाप करत नाहीत, पुढचा अंदाजही बांधतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील, भूक जागवणाऱ्या ‘एजीआरपी’ नावाच्या चेतापेशी उपाशीपोटी जोमाने काम करत असतात; पण भुकेल्या उंदरासमोर अन्न ठेवताच, पहिला घास घेण्याआधी, काही सेकंदांतच त्या शांत होऊ लागतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. तहानेचेही तसेच आहे. प्यायलेले पाणी रक्तात मिसळून तेथील क्षारांचे प्रमाण पुरेसे उतरायला काही मिनिटे लागतात, तहान मात्र त्याच्या बरीच आधी भागते.

प्रश्न : उपाशीपोटी मोठा निर्णय घेऊ नये, असे सांगताना इस्रायलमधील न्यायाधीशांचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. तो कितपत विश्वसनीय आहे? एकादशीला व्यवहार टाळावेत का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दाखला खरा आहे, निष्कर्ष डळमळीत. पॅरोलच्या हजाराहून अधिक अर्जांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्राच्या आरंभी सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत, खाण्याच्या सुट्टीपूर्वी हे प्रमाण जवळजवळ शून्यावर येई आणि सुट्टीनंतर पुन्हा वर जाई. मात्र वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा सत्राच्या शेवटी येत आणि तसे अर्ज एरवीही कमीच मंजूर होतात, हा आक्षेप त्याच वर्षी घेतला गेला. सगळा दोष न्यायाधीशांच्या पोटावर ढकलणे त्यामुळे घाईचे ठरते.

त्याहून भरवशाचा पुरावा स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगातून मिळतो. त्याच माणसांना एकदा उपाशी आणि एकदा खाल्ल्यानंतर, आत्ता मिळणारे थोडे आणि काही काळाने मिळणारे जास्त यांतून निवड करायला सांगितले, तेव्हा उपाशी असताना ती आत्ताच्या थोड्याकडे अधिक झुकली. हा अधीरपणा खाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त होता. पैशांच्या बाबतीतही होता, पण कमी. तेव्हा मुदत ठेव मोडायची की नाही, हा विचार जेवणानंतर केलेला बरा. एकादशीपुरते म्हणायचे तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या चालीने साबुदाण्याची खिचडी झाल्यावर हा प्रश्न फारसा उरत नाही. निर्जळी उपवास करणाऱ्याने मात्र सही दुसऱ्या दिवशी, पारणे सोडल्यावर करावी.