वादळात पडलेला आंबा चेनसॉने कापताना

प्रश्न: वळवाच्या वादळात घरामागचा जुना रायवळ आंबा मुळासकट पडला. पेट्रोलवरचा नवा चेनसॉ आणला आहे. खोड कापताना बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) मध्येच अडकतो आणि फांद्या तोडताना एकदा मशीन झटकन तोंडाकडे उसळले. काय चुकते? शेजारचा वठलेला फणसही पाडायचा आहे.

उत्तर: नमस्कार. मशीन उसळले तेव्हा थोडक्यात निभावले, म्हणून आधी त्याचेच सांगतो. बारच्या टोकाचा वरचा भाग आडव्या फांदीला लागला की चेन तिथे अडते आणि सगळा बार वर, तुमच्या तोंडाकडे येतो. हात आवरायलाही वेळ मिळत नाही. टोकापलीकडे काय आहे ते प्रत्येक कापाआधी बघा. दोन्ही हातांनी धरा, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळवलेला हवा. डोके बारच्या रेषेत नको, जरा डावीकडे उभे राहा. खांद्याच्या वर मशीन उचलून कापू नका आणि शिडीवर चढून तर मुळीच नाही. पुढच्या ढालीसारख्या दांड्याने चेनब्रेक, म्हणजे चेन जागीच थांबवणारा ब्रेक, लागतो, तो रोज काम सुरू करण्याआधी तपासा.

आता बार अडकण्याचे. पडलेले झाड स्वस्थ पडलेले दिसते, पण त्यात ताण भरलेला असतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत आडव्या झालेल्या बागा ज्यांनी साफ केल्या, त्यांना हे ठाऊक आहे. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मधे अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. नुसते वरून कापत गेलात की काप मिटतो आणि बार चिमटला जातो. अशा वेळी वरून जाडीच्या साधारण एक तृतीयांश कापा, मग उरलेले खालून वर. खालून कापताना मशीन अंगावर ढकलले जाते, म्हणून पाय रोवून उभे राहा. फांदी एकाच बाजूने धरलेली आणि टोक मोकळे असेल तर उलटे करा: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. फांदी आडवी वाकून दबलेली असेल तर बाकाच्या आतल्या बाजूला उभे राहा. सुटली की ती बाहेरच्या बाजूला फटकारते.

सर्वात जपायचे ते बुंध्यापाशी. खोडाचे वजन तुटताच मुळांचा मातीसकट गड्डा परत खड्ड्यात उभा राहू शकतो. त्याच्या मागे, खड्ड्यात कोणी नको, विशेषतः मुले. ती तिथे खेळायला उतरतातच. बुंधा थोडा लांब ठेवून कापा आणि गड्डा दोराने बांधून घ्या.

भुसा बघत चला. दाणेदार तुकडे पडत असतील तर धार ठीक. पिठासारखी बारीक पूड पडू लागली आणि मशीन दाबावे लागत असेल, तर थांबून चेनला गोल कानस मारा. बोथट चेनवर जोर लावणे हेच बऱ्याच अपघातांचे मूळ आहे. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला (५०:१ असेल तर लिटरला २० मिली). मशीन तापलेले असताना टाकी भरू नका. सुरू करताना ते जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून दोरी ओढा.

लुंगी, गळ्यातला टॉवेल, चप्पल ही या कामाची वेशभूषा नव्हे. हेल्मेट, जाळीचा मुखपट, कानाला आवाजरोधक, बूट आणि चेन रोखणारी पँट घ्या. पँट महाग वाटते, पण मांडीची जखम त्याहून कितीतरी महाग पडते.

वठलेला फणस स्वतः पाडू नका, असे मी स्पष्ट सांगेन. वाळकी फांदी नुसत्या धक्क्याने वरून कोसळते आणि कुजलेल्या खोडात खाचेमागची बिजागरी धरत नाही. ही बिजागरी, म्हणजे खाच (झाड पाडायचे त्या बाजूला आधी घेतलेला काप) आणि मागचा काप यांत न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी, झाडाला दिशा देते. ती नसेल तर झाड कुठेही जाईल. जाणकार तोड्या बोलवा, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी फिरकू देऊ नका. तारेला फांदी टेकली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून वीज बंद करून घ्या.

फणस १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहे. झाड वठलेले असले तरी वनविभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे सातबारा जोडून अर्ज आधी करा. आंब्याचे लाकूड विकणार असाल तर गाडी भरण्यापूर्वी वनपालांना विचारा.