तर्रीचं ऑपरेशन आणि बुंदीचं पॅकेज

नागपूरच्या प्रतापनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात दोन गिनीपिग, तर्री आणि बुंदी. दोघी माद्या, दोघी चार वर्षांच्या. तर्रीच्या दोन्ही कुशींवरचे केस गेले, पोट फुगलं, खाणं थोडं मंदावलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, दोन्ही अंडाशयांत सिस्ट, म्हणजे द्रवाच्या गाठी, असल्याचं सांगितलं आणि अंडाशय व गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन सुचवलं. खर्च २२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. बुंदीचंही आत्ताच उरकून घ्या, दोघींचं मिळून ३८,००० लावतो, पण याच महिन्यात, असंही सांगितलं. शिवाय यादीत व्हिटॅमिन सीचे थेंब, प्रतिकारशक्तीचं सिरप, दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध आणि क्लिनिकमध्येच मिळणारं महिना १,४०० रुपयांचं खाद्य. नवरा म्हणतो, "दीड हजाराच्या जनावरावर अडतीस हजार काहून?" मुलगी सहावीत आहे, ती तर्रीजवळून हलायला तयार नाही. ताईंचे प्रश्न दोन: डॉक्टर लुटताहेत का? आणि पैसे द्यायचेच तर एसआयपी थांबवू, कार्डावर ईएमआय करू, की एफडी मोडू?

ताई, "डॉक्टरांवर विश्वास ठेवू का" असा प्रश्न केला की उत्तर हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि दोन्ही उत्तरं तुम्हाला महाग पडतील. तुमच्या हातात एक सल्ला नाही, सहा आहेत. प्रत्येकाचा वेगळा हिशेब करू. मी पैशांचा सल्ला देणारा, पशुवैद्य नाही, त्यामुळे तर्रीच्या पोटात काय आहे हे मी सांगणार नाही. पण कुठला सल्ला पुराव्यावर उभा आहे आणि कुठला विक्रीवर, हे ओळखणं माझ्या धंद्याचाच भाग आहे.

ऑपरेशनपासून सुरुवात करतो. वयात आलेल्या माद्या गिनीपिगमध्ये अंडाशयातले सिस्ट ही अतिशय सर्रास आढळणारी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंचे केस सारखेच जाणं, खाज मात्र नसणं आणि पोट फुगणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. खरजेच्या किड्यांनीही केस जातात, पण तेव्हा जनावर खाजवून खाजवून हैराण होतं. तुमच्या पत्रात खाजेचा उल्लेख नाही. डॉक्टरांनी नुसतं हात लावून निदान केलं नाही, सोनोग्राफी केली आणि तुम्हाला चित्र दाखवलं. म्हणजे हा सल्ला हवेत नाही. हा भाग लुटीचा वाटत नाही, असं माझं स्पष्ट मत.

पण सल्ला बरोबर असणं वेगळं आणि तो याच टेबलावर, याच हातून करून घेणं वेगळं. गिनीपिगला भूल देणं कुत्र्यापेक्षा बरंच जोखमीचं असतं. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९ आणि गिनीपिगमध्ये ३.८ टक्के निघालं. त्यात आजारी जनावरंही धरलेली होती आणि तिथल्या सोयी वेगळ्या, म्हणून हा आकडा नागपुरात जसाच्या तसा लावू नका. तरीही शंभरात जवळपास चार म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी जोखीम नव्हे. २२,००० रुपये देऊन तुम्ही बरं होण्याची शक्यता विकत घेताय, हमी नाही. ही शक्यता वाढते ती डॉक्टरांच्या या छोट्या जनावरांतल्या अनुभवानं.

तो अनुभव तपासायला पैसे लागत नाहीत. फोन करून विचारा, "डॉक्टरसाहेब, आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचं का?" कुत्र्यामांजरांना ठेवतात. गिनीपिगला उलटी होऊच शकत नाही आणि तिचं आतडं सतत चालू राहावं लागतं, त्यामुळे तिला रात्रभर उपाशी ठेवणं घातक ठरतं. "हो, रात्री नऊनंतर काही देऊ नका" असं उत्तर आलं, तर ऑपरेशन दुसरीकडे करा. मग अँटिबायोटिक कोणतं देणार ते विचारा. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं तोंडावाटे, किंवा क्लिंडामायसिन, असं ऐकू आलं तर थांबा. आपल्याला रोजचीच असलेली ही औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, आणि त्यातून ती दगावू शकते. चाळीस-पन्नास रुपयांची गोळी सगळं २२,००० बुडवू शकते, म्हणून बिलाच्या आकारावरून सल्ला स्वस्त की महाग ठरवू नका. त्यानंतर विचारायचं ते असं: वर्षभरात ससे-गिनीपिगची किती ऑपरेशनं करता, भूल गॅसची देता का, टेबलावर तिला ऊब कशी देणार, वेदनाशामक किती दिवस, आणि घरी आल्यावर खाल्लं नाही तर सिरिंजनं भरवायचं ते कोण शिकवणार. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण ऑपरेशननंतरची निम्मी लढाई घरातच लढायची असते. चिडलाच, तर तेही उत्तरच समजा.

दुसरं मत घ्या. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि आज ते नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तिथं उपचारांचा विभाग आहे. आधी फोन करून गिनीपिग पाहणारे कुणी कोणत्या दिवशी बसतात ते विचारा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तपासणीचा खर्च दुबार होणार नाही. या सगळ्या प्रकरणात एवढ्या कमी पैशांत एवढी मोठी चूक टाळणारा दुसरा खर्च नाही. फक्त जायचं ते सकाळी आठच्या आत. हे प्राणी २७-२८ अंशांपुढच्या गरमीत सहज माना टाकतात, आणि आपल्याकडचा मे महिना ४५ ला टेकतो. दुपारच्या उन्हात ॲक्टिव्हावर टोपली धरून सीताबर्डीतून जाणं हा उपचार नव्हे.

तिथं एक नेमका प्रश्न विचारा: हे सिस्ट हार्मोनच्या इंजेक्शनानं उतरणारे आहेत का? काही सिस्ट हार्मोन तयार करतात, त्यांना इंजेक्शनाचा फरक पडू शकतो. बाकीचे नुसते पाण्याने भरलेले असतात, त्यांना नाही. सुईनं पाणी काढलं तर काही काळ आराम मिळतो, पण ते पुन्हा भरतं. हे दोन्ही मार्ग ऑपरेशनपेक्षा हलके आणि बहुधा स्वस्तही. ऑपरेशन हा कायमचा उपाय, पण म्हणून प्रत्येक घरानं तोच घ्यावा असं नाही. ते तुम्हाला सांगितलं गेलं नसेल तर सल्ला खोटा होत नाही, अपुरा मात्र राहतो.

आता बुंदी. तिला काहीही झालेलं नाही. पुढे त्रास होऊ नये म्हणून निरोगी मादीचं ऑपरेशन करून घेणं याला वैद्यकीय आधार आहे, ते अगदी निरर्थक नाही. पण "याच महिन्यात" ही अट वैद्यकीय नाही. बुंदीच्या अंडाशयाला महिनाअखेर कळत नाही. साड्यांच्या सेलसारखी ही ६,००० ची सवलत आहे, आणि त्यासाठी तुम्ही एका ठणठणीत जनावराला भुलीच्या जोखमीत घालणार. नाही म्हणा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करा, वहीत लिहा, उतरलं किंवा कुशीवरचे केस गेले तर सोनोग्राफी करा.

जीएसटीचंही पाहू. पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळणारी उपचाराची सेवा जीएसटीमुक्त आहे. खाद्य, औषधं, साहित्य यांवर कर लागतो. मग २२,००० च्या ऑपरेशनवरचे ३,९६० रुपये कशाचे? चांगुलपणानंच विचारा, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून बसलेलं असू शकतं. आणि अंदाजपत्रक मोडून लेखी मागा: भूल, ऑपरेशन, रक्ततपासणी, औषधं, टाके काढणं, आणि टेबलावरच काही बरंवाईट झालं तर किती द्यावं लागेल. हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण तो त्या दिवशी विचारण्यापेक्षा आज विचारलेला बरा.

किरकोळ यादीत व्हिटॅमिन सी खरंच गरजेचं आहे. गिनीपिगचं शरीर, आपल्यासारखंच, ते तयार करू शकत नाही. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात जास्त. थेंब द्यायचे तर थेट तोंडात द्या, पाण्यात टाकले की त्यांचा जोर लवकर उतरतो. निरोगी बुंदीला मात्र गोकुळपेठच्या बाजारातली ढोबळी मिरची पुरते. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० मिलिग्रॅम सी असतं, म्हणजे रोजच्या तीसेक ग्रॅममध्ये काम होतं, जोडीला कोथिंबीर. आपलं संत्रं लाडानं देत असाल तर एखादी फोड, तीही कधीमधी, साखर फार. सिरप सोडा. घरात राहणाऱ्या जनावराला तपासणीत जंत दिसल्याशिवाय दर तीन महिन्यांनी औषध देण्याचं कारण मला दिसत नाही. लेंड्यांची तपासणी करून मग ठरवायला सांगा. खाद्याचं म्हणाल तर तिचं मुख्य जेवण वाळलेलं गवत, दिवसभर. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवतानंच झिजतात. फवारणी नसलेली हरळी द्या. लसूणघास मोठ्या वयाच्या जनावराला नको, त्यात कॅल्शियम जास्त आणि मूतखड्याची भीती. पॅकेटातलं खाद्य चिमूटभर पुरतं. १,४०० चं पाकीट महिन्याला संपत असेल तर त्या दोघींना गवत कमी पडतंय.

आता खिसा. तुमच्या आकड्यांप्रमाणे दोघांचं हातात येणारं ८५,०००, गृहकर्जाचा हप्ता २७,०००, घरखर्च ४२,०००, एसआयपी १०,०००. उरतात ६,०००. आपत्कालीन निधी १,६०,०००, काही एफडीत, काही लिक्विड फंडात, म्हणजे पैसे चटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात. हप्ता धरून तीन महिन्यांचा खर्च २,०७,००० होतो, म्हणजे निधी आधीच तोकडा आहे. त्यातून २२,००० काढले तर १,३८,००० उरतात, बरोबर दोन महिन्यांचे. ही तूट उरणाऱ्या ६,००० मधून चार महिन्यांत भरून निघते. ३८,००० काढले तर सहा महिन्यांहून जास्त, आणि तेही मध्ये गाडी बिघडली नाही तर. म्हणून तर्रीचा खर्च परवडतो, पॅकेज परवडत नाही.

पैसे लिक्विड फंडातून काढा, सात दिवस झाले असतील तर एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क, लागत नाही. एफडीला हात लावू नका, मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते. जूनच्या फीसाठी केलेली आरडी तर अजिबात नाही. एसआयपी चालू ठेवा, थांबवायची वेळ आलेली नाही. आणि कार्डावर बाकी ठेवू नका: त्याचं व्याज महिना ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. विम्याचं म्हणाल, तर आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मुख्यतः कुत्र्यामांजरांच्या, म्हणून त्याऐवजी ऑगस्टपासून १,००० ची वेगळी आरडी काढा, या दोघींच्याच नावानं.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्यातला दीड हजाराचा आकडा गैरलागू आहे. ते पैसे चार वर्षांपूर्वीच गेले. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षं जगते, म्हणजे प्रश्न असा आहे: तर्रीची पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या घराला २२,००० ची वाटतात का? ही गुंतवणूक नाही, खर्च आहे, मुलीला सहलीला पाठवावं तसा. तो करायचा की नाही हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं, आणि एक वरची मर्यादा कागदावर लिहायची. मी ती सगळं धरून ३०,००० सुचवेन. त्यापुढे गेलं तर सुईनं आराम देत राहणं किंवा त्रास असह्य झाल्यावर तिला शांतपणे जाऊ देणं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुलीलाही हे आधीच सांगा. सहावीतल्या मुलीला पैशाची मर्यादा कळते. ती आयत्या वेळी कळवली तर मात्र ती रागावते, आणि बरोबरच करते.

दुसऱ्या मतासाठी आठवडा घ्यायला हरकत नाही, पण एका अटीवर. तर्रीनं बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर दुसरं मत, अंदाजपत्रक, माझा सल्ला, सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री जो उघडा असेल त्या दवाखान्यात न्या. त्यासाठी यूपीआयच्या खात्यात आजच ५,००० ठेवा, आणि अमॉक्सिसिलिन नको हे चिठ्ठीवर लिहून तिच्या टोपलीला अडकवा.