नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिन कुणाचं?

प्रश्न : सातवा महिना सुरू आहे. शुगर वाढल्यामुळे इन्सुलिन चालू केलंय. सासूबाई म्हणतात, या सुयांनी बाळ फुगेल. बंद करू का?

उत्तर : अजिबात नको. बाळ फुगतं ते साखरेमुळे. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जवळजवळ जातच नाही. साखर जास्त पोचली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, आणि पोटातल्या बाळाच्या अंगावर चरबी चढवणारं हार्मोन तेच. खांदे आणि पोट भरतं, डोकं त्या मानाने वाढत नाही. म्हणून बाळंतपणात डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी 1950 च्या दशकात हे मांडलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ अभ्यासात 9 देशांतल्या 23,000 हून जास्त गरोदर स्त्रिया होत्या. आईची साखर जितकी चढी, तितकं बाळाचं वजन आणि नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड जास्त, असं त्यात दिसलं. इन्सुलिन बनताना जो तुकडा सुटा होतो, तो सी-पेप्टाइड. सुईतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे ते इन्सुलिन बाळाचंच होतं.

तेव्हा सुया चालू ठेवा. साखर उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत हवी. प्रसूतीच्या वेळी ‘मला शुगर आहे’ हे तिथल्या नर्सना आवर्जून सांगा. नाळ कापली की साखर येणं थांबतं, पण बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन लगेच ओसरत नाही आणि साखर झपाट्याने उतरू शकते. पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजा. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन बाळाची साखर तपासतील, त्याला नाही म्हणू नका. बाळ थरथरत असेल, सुस्त असेल, ओढत नसेल तर त्याच क्षणी सांगा.

प्रश्न : पूर्ण दिवसांची मुलगी 2.6 किलोची झाली. हडकुळी दिसते. वरचं दूध घालून वजन भरून काढावं का?

उत्तर : नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांचे दंड आणि पोट बारीक होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून होती. लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या नाळेत इन्सुलिन जास्त निघालं. अशा बाळाला घाईने गुटगुटीत करू नये. सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि वजनाची रेघ दर महिन्याला तक्त्यावर पाहा.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये नाळेच्या रक्ताचे इन्सुलिन रिपोर्ट फार कमी येतात. चूक कुठे होत असेल?

उत्तर : आधी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्यावर उरणारं पाणी, उजेडात धरून बघा. गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, आणि त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं. नाळ पिळून रक्त काढणं, बारीक सुई, जोरात ओढलेला पिस्टन, ट्यूब हलवणं, यातलं काहीतरी घडत असणार. चिमटे लावल्यावर नाळ पुसून घ्या, म्हणजे आईचं रक्त मिसळत नाही. दोन धमन्या सोडून जाड, मऊ शिरेतून रक्त घ्या. ट्यूबमध्ये सोडताना सुई काढा. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब हलकेच उलटीसुलटी करून बर्फात ठेवा आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज करा. प्लाझ्मा तरीही गुलाबी निघाला, तर सी-पेप्टाइड मागवा. पेशी फुटल्या तरी ते बरंच टिकतं. ‘हापो’मध्येही याच कारणासाठी ते निवडलं होतं.